चार्टिंग सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी: सोपेपणा आणि खर्च नेमका कसा तपासायचा

शनिवारी शेअरबाजार बंद असतो. त्या दुपारी बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडं चार-पाच जण लॅपटॉप काखेत मारून येतात. वाद ठरलेला. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला म्हणतो, चांगलं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय शेअरच्या भावाचा चार्ट नीट दिसतच नाही. निपाणीचा तंबाखूवाला म्हणतो, "फुकटातलं आहे की, कशाला पैसे घालायलास?" पहिल्यानं वर्षभराचे पैसे भरून तीनच महिने वापरलेलं असतं. दुसरा मोफत अ‍ॅपवर पंधरा मिनिटं उशिराचा भाव बघून सौदा टाकत असतो. दोघांचंही एका जागी चुकतं: त्या चार्टवर आपल्याला काय काम करायचंय, हे कुणीच लिहून काढलेलं नसतं.

खालचा क्रम त्यासाठी आहे. तो मोडू नका. खर्चाचा हिशेब मुद्दाम पाचव्या टप्प्यावर ठेवलाय.

टप्पा १: वहीत चार ओळी

सॉफ्टवेअरचं नावही काढण्याआधी वही घ्या आणि लिहा:

१. मी काय घेतो-विकतो? शेअर, निर्देशांकाचे ऑप्शन की कमोडिटी?
२. एकदा घेतलं की किती वेळ धरतो? मिनिटं, दिवस की महिने?
३. मी स्क्रीनसमोर खरोखर किती वाजता बसतो?
४. चार्ट बघून मी कुठला एक निर्णय घेतो?

तिसऱ्या ओळीत लोक स्वतःलाच फसवतात. संकेश्वरचे एक ओळखीचे अडतवाले आहेत, मिरचीचे. दिवसभर गिऱ्हाईक, वजनकाटा, हमाल. चार्ट उघडायचे रात्री आठनंतर. बघायचे काय, तर रेणुका शुगर आणि उगार शुगरचा आठवड्याचा चार्ट. आपल्या भागात ऊस आणि साखर कारखाने रोज डोळ्यांपुढं असल्यानं हे दोन शेअर बऱ्याच जणांच्या यादीत असतातच. पण यांनी घेतला होता लाइव्ह डेटा, सेकंदासेकंदाला हलणारा. रात्री आठ वाजता! दिवस संपल्यावरचा भाव त्यांना पुरला असता आणि तो मोफत मिळतो.

चौथी ओळ एका वाक्यात लिहिता आली पाहिजे. "वीस आठवड्यांच्या सरासरीच्या वर बंद झाला की घेतो, खाली बंद झाला की विकतो" असं वाक्य चालेल. "ट्रेंड बघतो" हे चालणार नाही.

*तपासणी: चौथी ओळ लिहिता येत नसेल तर इथंच थांबा. कुठलंही सॉफ्टवेअर ती ओळ लिहून देणार नाही, विकणारा काहीही सांगो.*

टप्पा २: हातात आहे ते आधी उघडा

डिमॅट खातं असेल तर ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये चार्ट आधीच मिळतोय. झिरोदाच्या काइटमध्ये चार्टआयक्यू आणि ट्रेडिंगव्ह्यू असे दोन्ही पर्याय आहेत. फायर्स, धन, अपस्टॉक्स यांच्याकडंही ट्रेडिंगव्ह्यूचा चार्ट दिसतो. बहुतेकांना हे माहीत असतं. गोंधळ पुढं होतो.

ब्रोकरच्या अ‍ॅपमधला ट्रेडिंगव्ह्यू आणि ट्रेडिंगव्ह्यूची स्वतःची वेबसाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रोकरनं फक्त चार्ट काढायचा सांगाडा घेतलेला असतो. त्यात ठरलेले शंभरएक इंडिकेटर, म्हणजे भावावरून सरासरीसारखी रेषा किंवा खूण काढणारी सूत्रं, मिळतात आणि एका चार्टवर किती लावायचे यावर सहसा बंधन नसतं. पण पाइन स्क्रिप्ट या ट्रेडिंगव्ह्यूच्या भाषेत लिहिलेले बाहेरचे इंडिकेटर तिथं चालत नाहीत. वेबसाइटच्या मोफत खात्यात बरोबर उलटं आहे. पाइन स्क्रिप्ट चालते, पण एका चार्टवर इंडिकेटर मोजकेच बसतात, अलर्ट थोडे मिळतात आणि मध्ये जाहिरात येते. म्हणजे चार साधे इंडिकेटर लावणाऱ्याला ब्रोकरचा मोफत चार्ट जास्त सोयीचा, आणि एकच पण खास इंडिकेटर लागणाऱ्याला वेबसाइट. पैसे न भरता निम्म्या लोकांचं काम इथंच भागतं, असं माझं मत आहे.

पंधरा दिवस यावर काम करा. अडेल तिथं वहीत लिहा: "अलर्ट संपले", "दोन चार्ट शेजारी बघता येईनात". अडलं नाही तर पुढचे टप्पे वाचायची गरज नाही.

टप्पा ३: सोपेपणा घड्याळ लावून मोजा

"सोपं आहे", "किचकट आहे" हे शब्द वादात फुकट जातात. माणूस आठ दिवसांपूर्वी जे शिकला ते त्याला सोपं वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी लोकांना मोबाईलचं स्टॉपवॉच लावून ही कामं करायला लावतो:

१. एखादा शेअर शोधा आणि रोजच्या चार्टवरून आठवड्याच्या चार्टवर जा.
२. वीस दिवसांची सरासरी लावा, मग तिचा रंग आणि दिवस बदला.
३. एक ट्रेंडलाइन ओढा. लॅपटॉप बंद करून तेच खातं मोबाईलवर उघडा. रेषा जागेवर आहे का?
४. एका भावावर अलर्ट लावा आणि तो खरंच वाजतो का बघा.
५. ही सगळी मांडणी टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि दुसऱ्या शेअरवर एका क्लिकमध्ये आणा.
६. तीस शेअरची यादी करून एकामागून एक चार्ट पलटा. फक्त बाणाच्या किंवा स्पेसच्या बटणावर पुढं जाता येतं की दरवेळी माऊस धरावा लागतो?

पहिल्या दिवशी वेळ लिहा, आठव्या दिवशी पुन्हा लिहा. दोन आकडे शेजारी ठेवले की खरी गंमत कळते. ट्रेडिंगव्ह्यूसारखं वेबवरचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच हातात बसतं आणि आठव्या दिवशी वेळ फारसा कमी होत नाही. अ‍ॅमीब्रोकर पहिल्या दिवशी अंगावर येतं. विंडोजवरच चालतं, डेटा आपण आणून भरायचा, स्क्रीन जुनाट, आणि काही वेगळं हवं असेल तर एएफएल नावाच्या भाषेत सूत्र लिहायचं. "कसं चालवायचं तेच कळंना झालंय बघा," असा फोन मला दर महिन्याला येतो. पण सूत्र एकदा लिहून झालं की पाचशे शेअर चाळून वीस वर्षांच्या डेटावर आपली पद्धत कशी चालली असती, हे ते चहा निवायच्या आत दाखवतं.

तेव्हा आपल्याला पहिल्या दिवसाचा सोपेपणा हवाय की शंभराव्या दिवसाचा, हे ठरवा. रोज दहा शेअर डोळ्यांनी बघणाऱ्यानं अ‍ॅमीब्रोकरच्या नादाला लागू नये. पद्धत आकड्यांत लिहिलेली आणि ती मागच्या वर्षांवर तपासायची असेल, तर वेबवरच्या चार्टवर हातानं एकेक शेअर पलटत बसणं हा वेळेचा नाश आहे. नुसती चाळणी लावायची असेल, म्हणजे "आज वीस दिवसांच्या सरासरीच्या वर कोण बंद झालं" एवढंच हवं असेल, तर चार्टइंकची मोफत पातळी आधी वापरून बघा.

*सावधान: मोजणी दुपारी निवांत करू नका. मंगळवारी सकाळी सव्वानऊला करा. निफ्टीच्या आठवड्याच्या ऑप्शनची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, सध्या मंगळवारी असते. त्या वेळी जे अडखळतं तेच खरं. कणकुंबी-जांबोटीकडं राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात मोबाईलच्या रेंजवर चाचणी घेतल्याशिवाय काहीच ठरवू नये.*

टप्पा ४: डेटा खरा आहे का?

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. चार्ट दिसायला कितीही देखणा असला तरी खालचा भाव चुकीचा असेल तर सरासरीही चुकते, ट्रेंडलाइनही चुकते. पुढच्या चार जागा तपासा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली जागा: रिलायन्स, २८ ऑक्टोबर २०२४. त्या दिवसापासून शेअर एकास-एक बोनसनंतरच्या (एका शेअरमागं एक शेअर फुकट) भावावर चालू झाला. आधीच्या शुक्रवारचा दोन हजार सहाशेच्या आसपासचा भाव सोमवारी तेराशेच्या घरात आला. डेटा नीट जुळवलेला असेल तर चार्टवर काहीच वेगळं दिसणार नाही, कारण जुने भाव निम्मे करून घेतलेले असतात. शेअर अर्ध्यावर कोसळल्यासारखी उभी फट दिसली, तर डेटा जुळवलेला नाही. अशा चार्टवर दोनशे दिवसांची सरासरी कितीतरी महिने चुकीची राहते आणि माणूस "मोठी पडझड झाली होती" असं समजून बसतो.

दुसरी जागा: निफ्टी, ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता, त्या दिवशी २१,८८४.५० वर. तुमच्या चार्टवर हेच आकडे हवेत.

तिसरी जागा: १ फेब्रुवारी २०२५. शनिवार होता, पण अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ चालू होता. त्या दिवसाची कँडल, म्हणजे चार्टवरची भावाची उभी कांडी, नसेल तर डेटा देणारा सुट्टीचे दिवस डोळे झाकून गाळतोय.

चौथी तपासणी जरा बारीक आहे, पण इंट्राडेवाल्यांनी सोडू नये. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. पंधरा मिनिटांच्या बरोबर पंचवीस कँडल होतात, प्रश्न येत नाही. एक तासाच्या चार्टवर घोळ होतो. काही सॉफ्टवेअर सव्वानऊपासून तास मोजतात, मग शेवटची कँडल पंधराच मिनिटांची राहते. काही घड्याळाचा तास धरतात, मग पहिली कँडल पंचेचाळीस मिनिटांची आणि शेवटची अर्ध्या तासाची. दोन्हीकडं कँडल सातच, त्यामुळं मोजून कळत नाही; कँडलवर माऊस नेऊन वेळ वाचावी लागते. दोन मित्रांच्या तासाच्या चार्टवर वेगवेगळे सिग्नल येतात आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात, त्यामागं बहुतेक वेळा एवढंच असतं.

लाइव्ह डेटा हवा असेल तर शेअरच्या नावाशेजारी डेटा उशिराचा असल्याची खूण आहे का बघा. ब्रोकरच्या अ‍ॅपमधला भाव शेजारी ठेवला तरी कळतं. अ‍ॅमीब्रोकरला डेटा वेगळा घ्यावा लागतो. तो एक्सचेंजनं अधिकृत केलेल्या व्हेंडरकडूनच घ्या, उदाहरणार्थ ट्रूडेटा किंवा ग्लोबल डेटाफीड्स. दिवसअखेरचा डेटा पुरत असेल तर एनएसई रोज भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, मोफत टाकते. त्यात दोन अडचणी. एक म्हणजे भावकॉपीत बोनस-स्प्लिटची जुळवाजुळव नसते, ती आपण करायची. दुसरं, जुलै २०२४ मध्ये एनएसईनं भावकॉपीचा साचा बदलला, त्यामुळं त्याआधीचे भावकॉपी डाउनलोडर चालत नाहीत. मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेलं जुनं काही असेल तर त्यावर रात्र घालवू नका.

टप्पा ५: आता खर्च

वेबसाइटवर मोठ्या अक्षरात छापलेला दर म्हणजे खर्च नव्हे. वहीत एकाखाली एक लिहा: सॉफ्टवेअरचा दर, डेटाचा दर, त्यावर १८ टक्के जीएसटी, दर डॉलरमध्ये असेल तर कार्डावर बँक लावते तो परकीय चलनाचा अधिभार. हेस्कॉमचा करंट गेल्यावर राउटर चालू ठेवायला इन्व्हर्टर नसेल तर तोही. दुसरा मॉनिटर मात्र लिहू नका, तो हौसेच्या खात्यात जातो.

उदाहरण करून बघू. समजा डेटा धरून महिन्याला १,५०० रुपये. वर्षाचे १८,०००, जीएसटी धरून २१,२४०. भांडवल एक लाख असेल तर वर्षाला सव्वाएकवीस टक्के कमावल्यावर तुम्ही शून्यावर येता, तेही ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर) आणि नफ्यावरचा कर सोडून. भांडवल पाच लाख असेल तर हाच खर्च सव्वाचार टक्के. सॉफ्टवेअर महाग की स्वस्त हा वाद भांडवलाचा आकडा न सांगता घालताच येत नाही. माझा ढोबळ नियम असा: सगळा खर्च भांडवलाच्या दोन टक्क्यांवर गेला की मोफतवर परत यायचं. कुणाला तो कडक वाटतो. पण सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झालेला दिसला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडं देखणे चार्ट असणारच.

पैसे भरायच्या पद्धतीत फरक आहे, तोही हिशेबात धरा. अ‍ॅमीब्रोकरचा परवाना एकदाच घ्यायचा असतो आणि घेतलेली आवृत्ती पुढंही चालते. नवीन आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत मोफत. चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होत नाही, पण तिसऱ्या टप्प्यातली बरीच कामं त्यात करून बघता येतात. ट्रेडिंगव्ह्यूचं भाडं आहे, थांबवलं की सोय गेली.

करात फरक पडतो का, असं हमखास विचारतात. वायदे-ऑप्शन आणि इंट्राडेचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, तिथं सॉफ्टवेअरचा खर्च दाखवता येतो. शेअर धरून विकल्यावरचा नफा भांडवली नफ्यात दाखवत असाल तर हा खर्च त्यातून वजा होत नाही. बिल आपल्या नावावर घ्या आणि सीएला दाखवा.

टप्पा ६: चाचणीचा महिना आणि ऑटो-पे

चाचणीची मुदत मिळत असेल तर ती महिन्याच्या मधेच, उत्साहाच्या भरात सुरू करू नका. दुकानाचा स्टॉक मोजायचा आठवडा, घरचं लग्न, गणपती हे टाळून सुरू करा, नाहीतर मुदत वाया जाते. चाचणी चालू असताना दर संध्याकाळी एकच ओळ लिहा: मोफत चार्टवर जे दिसलं नसतं असं आज काय दिसलं? महिन्याअखेर त्या ओळी किती भरल्यात, त्यावर निर्णय घ्या.

कार्ड दिल्यावर पहिलं काम म्हणजे रद्द करायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची टाकणं. माझंच सांगतो. एका कंपनीचा वर्षाचा प्लॅन सवलतीत घेतला, चार महिने वापरला आणि विसरलो. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पैसे कापले गेले, सवलतीशिवाय. बँकेचा मेसेज चोवीस तास आधी आला होता, तसा नियमच आहे. मी खानापूरला लग्नात होतो, मेसेज बघितला नाही.

*तपासणी: पहिलं वर्ष महिन्याचा प्लॅन घ्या. वर्षाचा स्वस्त पडतो हे खरं, पण तीन महिन्यांत सोडून देणाऱ्याला महिन्याचाच स्वस्त.*

टप्पा ७: मांडणी

यात फार वेळ घालवू नका. एक यादी, जास्तीत जास्त तीस शेअरची. एक टेम्प्लेट. अलर्ट लावताना त्याची मुदत बघा, तो आपोआप संपतो. आणि अलर्ट म्हणजे ऑर्डर नव्हे. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेलं की विकायची ऑर्डर, ब्रोकरकडं टाकलेला असला पाहिजे. चार्टवर ओढलेली लाल रेषा तुमचा शेअर विकत नाही. यावर हसू नका, गेल्या दिवाळीत एकानं मला हेच विचारलं.

नेहमी होणाऱ्या चुका

क्रॅक केलेलं अ‍ॅमीब्रोकर. टेलिग्रामवर दोनशे रुपयांत मिळतं, सोबत "शंभर टक्के बाय-सेल सिग्नल" देणारी एएफएल फाइल. ज्या लॅपटॉपवर नेट बँकिंग उघडता त्यावर कुणाचीही फाइल चालवणं म्हणजे गल्ल्याची किल्ली खडेबाजारात ठेवण्यासारखं.

मागं जाऊन बदलणारे इंडिकेटर. झिगझॅगसारखे काही इंडिकेटर नवीन भाव आला की जुनी खूण पुसून दुसरीकडं काढतात. जुन्या चार्टवर ते अचूक दिसतात, त्याचं कारण हेच. तपासायचं असेल तर सकाळी सिग्नल आला की स्क्रीनशॉट काढा आणि संध्याकाळी तीच जागा पुन्हा बघा. सुपरट्रेंडही कँडल बंद होण्याआधी रंग बदलून परत येऊ शकतो.

हायकेन आशीवरचा भाव खरा समजणं. ती सरासरी काढून रंगवलेली कँडल असते. ऑर्डर टाकताना साध्या कँडलवर या.

चार्टच्या नावाखाली फॉरेक्स अ‍ॅप. मेटाट्रेडर हे नुसतं सॉफ्टवेअर आहे, पण त्यावर पैसे भरायला सांगणारे बरेच परदेशी दलाल भारतात अधिकृत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं अशा मंचांची सावधगिरीची यादी सप्टेंबर २०२२ पासून जाहीर केलेली आहे. यादीत नाव नाही म्हणून तो अधिकृत ठरतो असंही नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर केला तर रक्कम गोठवणं अवघड होतं.

आणि सॉफ्टवेअर बदलायची वेळ आलीच, तर जुनं बंद करण्याआधी ओढलेल्या रेषांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि यादी उतरवून घ्या. रेषा सहसा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येत नाहीत. ऑटो-पे बंद केल्यावर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेटच्या यादीत जाऊन ते नाव खरंच गेलंय का, तेवढं बघा.